डेंग्यूचा विषाणू पेशीत शिरतो कसा, आणि दुसऱ्यांदा आला की जास्त का छळतो

जुलै उजाडला की बातम्या ठरलेल्या. अमुक वॉर्डात डेंग्यूचे रुग्ण वाढले, तमुक तालुक्यात चिकुनगुन्याची साथ, महापालिकेची धूरफवारणी, कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओतून टाका. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले आणि त्याच सुमारास गुजरातेत चांदिपुरा विषाणूने लहान मुलं दगावली. या बातम्यांत डास असतो, रुग्ण असतो, प्लेटलेटचा आकडा असतो. मधला भाग तेवढा नसतो. डास आज चावला आणि ताप आठवड्याने आला, तर मधल्या दिवसांत अंगात चाललं काय होतं?

थोडक्यात सांगायचं तर विषाणू पेशीत शिरत होता, तिथे वाढत होता, बाहेर पडून पुढच्या पेशीत शिरत होता. यातलं 'शिरणं' नीट कळलं की बरंच काही उलगडतं. चिकुनगुन्या सांधेच का धरतो, डेंग्यूच्या लशीला इतका वेळ का लागला, रक्ताच्या रिपोर्टवर 'एनएस-वन' आणि 'आयजीजी' असं जे लिहून येतं त्याचा अर्थ काय, हे सगळं त्या एका पायरीशी बांधलेलं आहे.

मुळात आत जायची गरज काय?

डेंग्यूचा विषाणू म्हणजे आरएनएचा एकच धागा, सुमारे १०,७०० अक्षरांचा. त्यात फक्त १० प्रथिनं कशी बनवायची याची माहिती लिहिलेली असते. धाग्याभोवती चरबीचं पातळ आवरण आणि त्यावर प्रथिनांचं कवच. पूर्ण गोळा ५० नॅनोमीटरचा, म्हणजे २०,००० विषाणू ओळीने मांडले तर एक मिलिमीटर भरेल. एवढ्याशा जिवाकडे, त्याला जीव म्हणायचं असेल तर, प्रथिनं बनवायची यंत्रणा नाही, ऊर्जा नाही. ती सगळी सामग्री आपल्या पेशीत असते. बाहेर राहिलेला विषाणू कुणाचं काही बिघडवू शकत नाही.

पेशीला चारी बाजूंनी चरबीचा दुहेरी पडदा असतो. आरएनए त्यातून आपसूक आरपार जात नाही. पण पेशीला जगायचं तर बाहेरच्या वस्तू आत घ्याव्याच लागतात: लोह, कोलेस्टेरॉल, मेलेल्या शेजारी पेशींचे तुकडे. त्यासाठी पडद्यावर ठरावीक प्रथिनं उभी असतात. प्रत्येकाने काय धरायचं ते ठरलेलं. त्यांना रिसेप्टर म्हणतात. या लेखात एवढा एक शब्द लक्षात ठेवा.

विषाणू आणि रिसेप्टर म्हणजे किल्ली आणि कुलूप, असं सांगायची पद्धत आहे. डेंग्यूसाठी हे चित्र मला पटत नाही. त्यापेक्षा लग्नात जेवायला घुसणारा आगंतुक डोळ्यासमोर आणा. तो भिंतीवरून उडी मारून येत नाही. इस्त्रीचा शर्ट घालून, मांडवाच्या दारातून, चार जणांना नमस्कार करत येतो. मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा असेल, मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा. अत्तर लावणारा अत्तर लावतो, वाढपी पान मांडतो. यजमानांचीच माणसं त्याला पंगतीत नेऊन बसवतात. डेंग्यू पेशीत असाच जातो.

आधी डासाच्या पेशीत

आपण डासाला नुसती सुई समजतो. तसं असतं तर चावल्याबरोबर दुसऱ्याला रोग झाला असता. एडिस इजिप्ती जातीची मादी डेंग्यूच्या रुग्णाला चावते तेव्हा विषाणू तिच्या पोटात जातो. तिथल्या आतड्याच्या पेशींत त्याला शिरावं लागतं, वाढावं लागतं, आणि मग शरीरभर पसरून लाळग्रंथींपर्यंत पोचावं लागतं. याला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. त्यानंतर ती मादी जगेल तोवर रोग पसरवू शकते.

म्हणजे हा विषाणू दोन अगदी वेगळ्या प्राण्यांच्या पेशींत शिरू शकतो. ही साधी गोष्ट नाही. 'डासातून एड्स का पसरत नाही?' या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. एचआयव्हीला शिरायला सीडी-फोर नावाचा रिसेप्टर लागतो आणि डासाच्या पेशींवर तो नसतो. त्यामुळे डासाच्या पोटात तो वाढत नाही, अन्नासारखा पचून जातो. शिवाय डासाच्या सोंडेत रक्त ओढायची नळी वेगळी आणि लाळ सोडायची वेगळी, त्यामुळे आधीच्या माणसाचं रक्त आपल्या अंगात टोचलं जात नाही.

त्वचेत पाऊल

चावताना मादी सोंड त्वचेत खुपसून रक्तवाहिनी चाचपते. रक्त गोठू नये म्हणून लाळ सोडते आणि त्या लाळेसोबत विषाणू येतो. त्यातला बराचसा त्वचेतच पडतो. तिथे रोगप्रतिकार यंत्रणेच्या पहारेकरी पेशी बसलेल्या असतात: लँगरहान्स पेशी, डेंड्रिटिक पेशी. परकं काही दिसलं की ते गिळायचं आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन इतरांना दाखवायचं, हे त्यांचं काम. डेंग्यूला नेमक्या याच पेशी मानवतात. गिळणं हा ज्यांचा धर्मच, त्यांच्यात शिरायला वेगळी युक्ती कशाला लागेल?

तरी पकड हवीच. पहिली पकड सैल असते. आपल्या बऱ्याचशा पेशींवर हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्या लोंबत असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो. विषाणूच्या कवचातल्या 'ई' प्रथिनावर धन भाराचे ठिपके आहेत. त्यामुळे तो पडद्याजवळ रेंगाळतो. मग घट्ट पकड येते. डेंड्रिटिक पेशींवर डीसी-साइन नावाचा रिसेप्टर असतो. मॅनोज या साखरेने मढलेल्या वस्तू ओळखून धरणं हे त्याचं काम, कारण अनेक जंतूंच्या अंगावर ती साखर असते. डासाच्या पेशी प्रथिनांना जी साखर जोडतात ती मॅनोजनेच भरलेली असते. डासातून नुकताच आलेला विषाणू हेच आवरण लेवून येतो, डीसी-साइन त्याला जंतू समजून धरतो, आणि ओळख बरोबर असूनही उपयोग विषाणूलाच होतो.

आणखी एक वेष आहे. मरणाऱ्या पेशींच्या पडद्यावर फॉस्फॅटिडिलसेरीन नावाची चरबी बाहेरच्या अंगाला येते. ती दिसली की शेजारच्या पेशी तो कचरा उचलून गिळतात. डेंग्यूच्या काही कणांच्या आवरणावर हीच चरबी उघडी असते, आणि टीम व टॅम या कुळांतले रिसेप्टर त्याला कचरा समजून आत ओढतात.

डेंग्यूचा 'तो एक' खरा रिसेप्टर शोधण्यात अनेक प्रयोगशाळांची वर्षं गेली आणि हाती लागली ती एक यादी. हा विषाणू कुणा एकावर विसंबून नाही. एकाने अडवलं तर दुसरा हात धरतो.

आंबट पिशवीतली काही मिनिटं

रिसेप्टरने धरलं की पडदा तिथे आत दबतो, खळगा होतो, खळग्याची पिशवी होते आणि ती तुटून पेशीच्या आत सुटते. या पिशवीला एंडोसोम म्हणतात. विषाणू आता पेशीत आहे असं वाटेल, पण अजून तो पिशवीत बंद आहे. पिशवीची भिंत म्हणजे तोच चरबीचा पडदा.

पेशीच्या हिशोबाने पुढचा क्रम ठरलेला. पिशवी आत सरकत जाते, तिच्यात आम्ल भरलं जातं आणि शेवटी आतल्या मालाचं पचन होतं. आम्ल मोजायचं माप म्हणजे पीएच, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. बाहेर तो ७.४ च्या आसपास असतो, पिशवीत उतरत ६ च्याही खाली जातो. विषाणू याचीच वाट पाहत असतो.

त्याच्या कवचावर 'ई' प्रथिनाच्या १८० प्रती असतात, दोन-दोनच्या ९० जोड्यांत, पृष्ठभागावर सपाट निजलेल्या. दोन्ही प्रथिनं एकमेकांच्या उलट दिशेला डोकं करून निजतात. प्रत्येकाच्या टोकाला चरबीत घुसू शकणारा एक छोटा फास असतो आणि तो जोडीदाराच्या अंगाखाली दडलेला असतो. आम्ल वाढलं की जोड्या सुटतात. 'ई' प्रथिनं उभी राहतात, टोकाचा फास पिशवीच्या भिंतीत रुततो आणि तीन-तीन प्रथिनं एकत्र येतात. मग प्रत्येक तिकडी मधोमध दुमडते. तिचं एक टोक पिशवीच्या पडद्यात, दुसरं विषाणूच्या आवरणात. दुमडताना दोन्ही पडदे एकमेकांकडे ओढले जातात. आधी समोरासमोरचे थर मिसळतात, मग मागचे, आणि भोक पडतं. त्या भोकातून आरएनए पेशीत उतरतो. पिशवी पेशीचीच, आम्ल पेशीचं, ओढून आणलं पेशीने. विषाणूने आणली ती एक ताणलेली स्प्रिंग.

ही स्प्रिंग एकदाच सुटते. म्हणून ती चुकीच्या जागी सुटू नये याची व्यवस्था आहे. नवे विषाणू तयार होऊन बाहेर पडताना पेशीतल्या आम्लयुक्त भागातूनच जातात. तिथेच ते उघडू नयेत म्हणून फासावर 'पीआर' नावाच्या प्रथिनाची टोपी असते, आणि पेशीबाहेर पडल्यावरच ती गळते. काही कण अर्धी टोपी तशीच घेऊन बाहेर येतात. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत थक्क करणारी ही टोपी वाटते.

झिका, जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल हे डेंग्यूचे सख्खे भाऊ याच पद्धतीने उघडतात. चिकुनगुन्या आणि चांदिपुरा वेगळ्या घराण्यांतले, त्यांची प्रथिनं वेगळी, पण आम्लाची वाट पाहणं तेच.

चिकुनगुन्या सांधे का धरतो?

१९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली होती. मग तीस-एक वर्षं देश हा आजार जवळजवळ विसरला, आणि २००६ मध्ये तो परतला तेव्हा देशभर संशयित रुग्णांची नोंद १३ लाखांच्या वर गेली. ताप चार दिवसांत उतरतो, सांधे मात्र काहींचे महिनोन्महिने दुखतात.

याचं एक कारण २०१८ मध्ये हाती आलं. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी लाखो पेशी घेतल्या, प्रत्येकीत एकेक जनुक बंद पाडलं आणि सगळ्यांवर चिकुनगुन्याचा विषाणू सोडला. ज्या पेशी तगल्या त्यांच्यात एमएक्सआरए-८ हे जनुक बंद होतं. त्याचं प्रथिन म्हणजे विषाणूचा रिसेप्टर, आणि सांध्यांच्या आसपासच्या पेशींवर ते असतं. हे प्रथिन नसलेल्या उंदरांना लागण कमी झाली आणि पायही कमी सुजले. डेंग्यूसारखी लांबलचक यादी इथे नाही. तरी एमएक्सआरए-८ काढून घेतलं की विषाणू पूर्ण थांबतो असंही नाही, त्याला दुसऱ्या वाटाही आहेत.

यातला माझा आवडता तुकडा गाईचा. गाईच्या एमएक्सआरए-८ प्रथिनात नेमक्या पकडीच्या जागी १५ अमिनो आम्लांचा जादा तुकडा आहे आणि त्यामुळे विषाणू तिथे चिकटत नाही. तोच तुकडा उंदरांच्या जनुकात घातला तर उंदरांनाही संरक्षण मिळालं.

चांदिपुराबद्दल दोन शब्द. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदिपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना तो सापडला. तो डासाहूनही लहान असलेल्या सँडफ्लाय या माशीतून पसरतो. त्याचा जवळचा नातलग, व्हीएसव्ही नावाचा विषाणू, पेशीत जाताना एलडीएल रिसेप्टर वापरतो. रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल पेशीत उचलून नेणारा हाच तो. इतकं रोजचं काम करणारा रिसेप्टर जवळजवळ सगळ्याच पेशींवर असतो, त्यामुळे व्हीएसव्हीला कुठल्याही पेशीत जाता येतं.

'एकदा झाला की परत होत नाही ना?'

होतो. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एकदा झालेल्या प्रकारापासून आयुष्यभराचं संरक्षण मिळतं, बाकी तिघांपासून थोडेच महिने. आणि दुसऱ्या प्रकाराची लागण बऱ्याचदा पहिल्यापेक्षा गंभीर होते. गोवर-कांजिण्यांच्या अनुभवाने आपण उलट अपेक्षा करतो.

पहिल्या डेंग्यूनंतर रक्तात अँटिबॉडी राहतात. विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी ही प्रथिनं. दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला की त्यातल्या पुष्कळशा त्याला ओळखतात, चिकटतात, पण निकामी करण्याइतकी घट्ट पकड बसत नाही. आता अँटिबॉडीला एक शेपूट असते, आणि ती शेपूट धरून आत ओढायचे रिसेप्टर मोनोसाइट व मॅक्रोफेज या पेशींवर असतात. अँटिबॉडीने धरून आणलेला शत्रू गिळायचा, हे त्यांचं नेहमीचंच काम. फरक इतकाच की हा शत्रू अजून जिवंत आहे आणि पिशवीत आम्ल वाढलं की उघडणार आहे. मांडवात घुसलेल्या त्या माणसाला आता नवऱ्यामुलाचा मामाच खांद्यावर हात टाकून घेऊन येतो, अडवणार कोण? टोपी अर्धवट राहिलेले जे कण एरवी वाया गेले असते, तेही या वाटेने आत जाऊन पुढची लागण करू शकतात.

बँकॉकमध्ये १९६० च्या दशकात काम करणाऱ्या स्कॉट हॉलस्टेड यांनी हा विचार मांडला तेव्हा त्याला भरपूर विरोध झाला. त्यांच्या बाजूचा एक पुरावा तान्ह्या बाळांचा होता. सहा महिन्यांपुढची काही बाळं पहिल्याच लागणीत गंभीर होत. त्यांच्या अंगात आईकडून आलेल्या अँटिबॉडी असत, पण संरक्षण देण्याइतक्या उरलेल्या नसत. दुसरा पुरावा क्यूबाचा. तिथे १९७७ मध्ये प्रकार १ पसरला आणि १९८१ मध्ये प्रकार २. दुसऱ्या साथीत ३ लाख ४४ हजार रुग्ण झाले, १५८ माणसं गेली. पुढे १९९७ मध्ये सांतियागो दे क्युबा शहरात पुन्हा प्रकार २ आला तेव्हा गंभीर झाले ते प्रामुख्याने वीस वर्षांपूर्वीच्या साथीत सापडलेले मोठे लोक.

मग अँटिबॉडी असणं वाईट का? प्रमाणाचा प्रश्न आहे. निकाराग्वातल्या मुलांवरचा दीर्घ अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात अँटिबॉडी भरपूर होत्या ती मुलं सुरक्षित राहिली, मधल्याच एका पातळीवर धोका वाढलेला दिसला.

'वाट माहीत आहे, तर अडवत का नाही?'

प्रयत्न झाले. क्लोरोक्विन हे हिवतापाचं जुनं औषध पिशवीतलं आम्ल कमी करतं. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये त्याने डेंग्यू आणि चिकुनगुन्या दोन्ही अडले. मग व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या आणि रियुनियन बेटावर चिकुनगुन्याच्या रुग्णांना ते देऊन पाहिलं. काही फायदा दिसला नाही. काचेच्या बशीत औषध आधी घालता येतं. माणूस दवाखान्यात येतो तो ताप आल्यावर, म्हणजे विषाणूच्या शिरण्या-निघण्याच्या अनेक फेऱ्या उरकल्यावर. 'प्रयोगशाळेत अमुक औषधाने विषाणू मेला' अशी बातमी वाचताना हे ध्यानात असू द्यावं.

लशीचं कामही इथेच अडकतं. चारही प्रकारांविरुद्ध एकाच वेळी पक्क्या अँटिबॉडी हव्यात. एक जरी कच्ची राहिली तर तीच त्या प्रकाराला आत घेऊन जाईल. फिलिपिन्समध्ये हे दिसलं. २०१६ पासून तिथे ८ लाखांच्या आसपास मुलांना डेंगवॅक्सिया लस दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ती बनवणाऱ्या सनोफी कंपनीने जाहीर केलं की आधी कधीच डेंग्यू न झालेल्यांना ही लस दिल्यास पुढे गंभीर डेंग्यूचा धोका वाढू शकतो. अशा मुलाच्या बाबतीत लस म्हणजेच पहिला डेंग्यू ठरत होती. मोहीम थांबली आणि लोकांचा गोवरासकट सगळ्याच लशींवरचा विश्वास डळमळला. त्यानंतर आलेल्या ताकेडा कंपनीच्या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली, तीही डेंग्यूचा प्रसार जास्त असलेल्या भागातल्या ६ ते १६ वर्षांच्या मुलांपुरती. भारतात पॅनेशिया बायोटेकच्या चारही प्रकारांवरच्या लशीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली.

रिपोर्ट हातात आल्यावर

ताप आल्याच्या पहिल्या काही दिवसांत 'एनएस-वन' तपासतात. हे डेंग्यूच्या १० प्रथिनांपैकी एक, पण विषाणूच्या कवचात ते नसतं. ते लागण झालेल्या पेशी बनवतात आणि रक्तात सोडतात. म्हणजे एनएस-वन पॉझिटिव्ह याचा अर्थ विषाणू पेशींत शिरून कामाला लागला आहे. हेच प्रथिन रक्तवाहिन्यांचं अस्तर झिरपतं करायला हातभार लावतं. जितक्या जास्त पेशींत शिरकाव, तितकं ते जास्त. गंभीर डेंग्यूत जीवावर बेततं ते बहुधा रक्तातलं पाणी असं झिरपून गेल्याने. आपण मात्र प्लेटलेटचा आकडा धरून बसतो.

म्हणून उपचार द्रवपदार्थांचा आणि तापासाठी पॅरासिटॅमॉलचा; अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळायचं, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरला म्हणून सुटलो असं धरू नये. झिरपणं बऱ्याचदा ताप उतरतानाच सुरू होतं. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं किंवा अस्वस्थ तगमग, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल.

'आयजीएम' आणि 'आयजीजी' या अँटिबॉडीच्याच दोन जाती. 'आयजीएम' साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतं. 'आयजीजी' पहिल्या लागणीत उशिरा येतं. तापाच्या सुरुवातीच्याच दिवसांत आयजीजी जोरात पॉझिटिव्ह आलं, तर हा बहुधा दुसरा डेंग्यू आहे, पहिला कधी झाला ते रुग्णाला आठवत नसलं तरी. पहिला डेंग्यू अनेकदा साध्या तापासारखा येऊन जातो. रिपोर्टवरची ती ओळ डॉक्टरांना आवर्जून दाखवा, आणि पूर्वी कधी डेंग्यू झाला होता असं घरात कुणाला आठवत असेल तर तेही विचारण्याची वाट न पाहता सांगा.